सात मिलिमीटर सरकलेलं बिट: जिप्सम बोर्ड कापताना घडलेल्या एका अपघाताची नोंद

या कामावर हत्यारांची आणि मशिनांची जबाबदारी माझ्याकडे होती, त्यामुळे पुढे जे लिहिलंय त्यातल्या काही चुका माझ्या खात्यावर आहेत. माणसांची आणि जागेची ओळख काढून टाकली आहे. बाकी मापं, क्रम आणि बोलणं जसं घडलं तसंच ठेवलं आहे.

पार्श्वभूमी

एका कार्यालयाच्या मजल्यावर पार्टिशनचं काम चालू होतं. लोखंडी स्टड (भिंतीच्या सांगाड्याचे उभे खांब), दोन्ही बाजूंनी १२.५ मि.मी. जाडीचा एकेक जिप्सम बोर्ड, आणि भिंतींमध्ये मिळून ३४ स्विचबॉक्स. बॉक्स पत्र्याचे. वायरमनने ते आधीच स्टडवर बसवून त्यांत वायरी ओढून ठेवल्या होत्या. आमच्या लोकांनी वरून बोर्ड लावायचे आणि प्रत्येक बॉक्सपुरतं भोक पाडायचं, एवढंच काम.

भोकं पाडायला रोटरी कटआउट मशीन होतं. मुठीत मावेल एवढं मशीन, त्याला काडीएवढं बिट, आणि मिनिटाला सुमारे ३०,००० फेरे. या कामाच्या बिटाचं टोक गुळगुळीत असतं, त्याला धार नसते. बोर्डमध्ये बॉक्सच्या साधारण मध्यावर बिट घुसवायचं, कडेला टेकेपर्यंत न्यायचं, कडेवरून उचलून बाहेरच्या अंगाला टाकायचं आणि मग बॉक्सला खेटून चारी बाजूंनी फिरवायचं. गुळगुळीत टोक पत्र्यावरून घसरत जातं, वरची धार बोर्ड कापत जाते. मागून पाहिलं तर बिट घड्याळाच्या दिशेने फिरतं, म्हणून बॉक्सभोवती मशीन उलट दिशेने न्यायचं. तसं नेलं की बिट आपोआप बॉक्सकडे ओढलं जातं. चुकीच्या दिशेने नेलं की ते बाहेर पळतं आणि भोक वेडंवाकडं होतं. जमलं की एका बॉक्सला अर्धा मिनिटही लागत नाही. कामगारांचा या मशीनवर जीव असतो तो यामुळेच.

हे जमण्यासाठी बोर्ड बॉक्सच्या आसपास स्क्रूने आवळलेला नसावा लागतो. वरच्या बाजूला दोन-चार स्क्रू मारून तो नुसता टांगायचा, भोक पाडायचं आणि बॉक्स भोकातून बाहेर आला की मग बाकीचे स्क्रू. ही गोष्ट पुढे कामाला येणार आहे.

माणसं दोन. एक पंधरा-सोळा वर्षं हेच काम केलेले फिटर, त्यांना सगळे दादा म्हणतात. दुसरा त्यांच्या हाताखालचा पोरगा, वर्षभर झालेला, हात चलाख.

अडचण कशी वाढत गेली

सकाळी दादांनी डेप्थ गाइड (बिट किती बाहेर राहील ते ठरवणारा मशीनचा पाय) लावून बिट किती बाहेर येतं ते माझ्यासमोर मोजलं होतं. १६ मि.मी. बोर्डची जाडी आणि वर साडेतीन, म्हणजे योग्य. मीही मान हलवली आणि निघून गेलो.

सुरुवातीचे दहा-बारा बॉक्स दादांनी स्वतः केले, पुढचे पोराला दिले. चौदाव्या-पंधराव्या बॉक्सच्या सुमारास तो म्हणाला, "दादा, बिट सरकल्यासारखं वाटतंय." दादांनी मशीन घेतलं, प्लग काढला (हे त्यांनी नेहमीच नीट केलं, ते मान्य करायला हवं), पाना लावून कोलेटचं (बिट पकडून ठेवणाऱ्या चिरा असलेल्या नळीचं) नट करकचून आवळलं आणि मशीन परत दिलं. "आता हलणार नाही," म्हणाले. बिट किती बाहेर आहे ते पुन्हा मोजलं नाही.

सोळाव्या बॉक्सपासून आवाज बदलला. पोराच्या शब्दांत, "पत्रा खाल्ल्यागत कर्रर्र." भोकाच्या कडेचा कागद साफ कापला न जाता त्याचे धागे निघायला लागले. एका ठिकाणी कड तपकिरी झाली, म्हणजे बिट कापण्यापेक्षा घासत जास्त होतं. साहजिकच तो जास्त जोर लावू लागला, आणि मशीन स्थिर राहावं म्हणून डाव्या हाताची दोन बोटं डेप्थ गाइडच्या धातूच्या पायावर टेकवू लागला.

एकोणिसाव्या बॉक्सच्या वरच्या कडेवरून जाताना जाळ झाला. फट्ट आवाज, निळसर ठिणगी, आणि पोराने हात झटकून मशीन टाकलं. दोन बोटांपासून मनगटापर्यंत झटका बसला होता. बिटाचं टोक वितळून गोळी झालं होतं. बोर्डवर रुपयाएवढा काळा डाग.

खोलीचा एमसीबी (त्या खोलीची वीज तोडणारा स्विच) बंद होता. तो दादांनीच सकाळी बंद केला होता.

उघडून पाहिल्यावर काय सापडलं

पोराला आधी डॉक्टरांकडे नेलं. झटका किरकोळ वाटला तरी हृदयाचे ठोके तपासून घ्यावेत, या मताचा मी आहे. ईसीजी व्यवस्थित आला, बोटांना फोडही नव्हता. मग दुपारी मी, दादा आणि वायरमन भाऊ असे तिघं बसलो.

पहिलं काम म्हणजे बिट मोजलं. गाइडच्या बाहेर २३ मि.मी. वितळलेल्या टोकाचं सोडून द्या, तरीही सकाळपेक्षा सात जास्त. मग एकोणिसाव्या बॉक्सकडून मागे मागे गेलो. तेराव्यापर्यंत बॉक्सच्या बाहेरच्या कडेवर नुसती पुसट रेघ. सोळाव्यावर चरे. सतराव्यावर खोल चरे. अठराव्यावर तर पत्र्याची कड करवतीसारखी दातेरी झालेली. गुळगुळीत टोक खोल निघून गेलं होतं आणि आता धारच पत्र्यावर घासत होती. म्हणजे बिट एकदम सरकलं नव्हतं. पाच-सहा बॉक्सभर ते थोडं थोडं बाहेर येत होतं आणि त्याचा हिशेब भिंतीवर लिहिला जात होता. पत्रा कापून बिट बोथट झालं, बोथट झालं म्हणून जोर लागला, जोर लागला म्हणून आणखी सरकलं.

का सरकलं, हे कोलेट काढल्यावर कळलं. नट फिरवून कोलेट हातावर घेतलं तर त्याच्या चिरांमध्ये जिप्समची पूड ठासून बसली होती. दमट हवेत ती पूड खडूसारखी घट्ट होते, नखाने निघत नव्हती. कोलेट ज्या उतरत्या खाचेत बसतं तिथेही तोच थर. अशा अवस्थेत नट कितीही आवळा, कोलेटच्या पाकळ्या मिटतच नाहीत. पाना दाबतो तो पुडीला, बिटाला नाही.

त्याहून मोठी गोष्ट बिटाच्या दांड्यावर होती. दांडा चकाकत होता आणि त्यावर गोल गोल घासल्याच्या कड्या होत्या. वर्निअर (बारीक माप घ्यायचं साधन) लावला तर दांडा ३ मि.मी. मशीनचं कोलेट एक अष्टमांश इंचाचं, म्हणजे ३.१७५ मि.मी. डोळ्याला हा फरक दिसत नाही, हातालाही कळत नाही, बिट आत जातं आणि नट आवळलंही जातं. ही बिटं मीच मागवली होती. पाकिटावर माप लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं.

आता वीज. खोलीचा एमसीबी बंद असूनही वायर जिवंत कशी? त्या बॉक्समध्ये दोन लाइनी होत्या. एक नेहमीची, दुसरी यूपीएसवरून येणारी. मेन बंद केला की यूपीएसची लाइन मरत नाही. उलट ती तशीच चालू राहावी यासाठीच ती असते. दुसऱ्या बाजूला काम करणाऱ्यांना दिवे हवे होते म्हणून यूपीएस चालू ठेवला होता आणि ही लाइन याही खोलीत उतरली आहे हे आमच्या माणसांना कुणी सांगितलं नव्हतं. वरून येणारी लवचीक पाइप बॉक्समध्ये शिरताना पुढे फुगून बोर्डच्या पाठीला टेकली होती. बिट १६ वर असतं तर त्याचं धार नसलेलं टोक बहुधा पाइपवरून घसरून गेलं असतं. २३ वर धारच पाइपमध्ये घुसली, फेज कापली आणि त्याच वेळी अर्थ केलेल्या पत्र्याला टेकली. म्हणून जाळ झाला आणि यूपीएसच्या बाजूचा एमसीबी पडला. तो जाळ झाला हेच बरं झालं. बिट नुसतं फेजला टेकून राहिलं असतं तर पोराची बोटं त्याच धातूवर होती.

दादांचा पहिला प्रश्न रास्त होता. मशीन डबल इन्सुलेशनचं आहे, वर चौकोनात चौकोन छापलाय, आणि एक्स्टेंशन बोर्डला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (प्रवाह गळाला की वीज तोडणारा स्विच) आहे, मग झटका बसलाच कसा? भाऊंनी समजावलं. डबल इन्सुलेशन हे मशीनच्या आतल्या बिघाडापासून वाचवतं. बाहेरची वायर कापली की बिट, शाफ्ट, नट आणि त्यांना टेकलेला धातू सगळा जिवंत होऊ शकतो, म्हणून अशा कामात हात फक्त प्लास्टिकच्या मुठीवर हवा. आणि आरसीसीबी आपल्या सर्किटमधून गेलेला आणि परत आलेला प्रवाह मोजतो. इथे प्रवाह आला दुसऱ्याच सर्किटमधून, मशीनच्या आरसीसीबीला त्याची खबरच नव्हती. दादा बराच वेळ गप्प बसले.

समोरचे पर्याय

पंधरा बॉक्स शिल्लक होते. सहा टांगलेल्या बोर्डांमागे, नऊ अजून जमिनीवर असलेल्या बोर्डांच्या वाट्याचे.

दादांचं म्हणणं, हे मशीन बाजूला ठेवू आणि उरलेलं सगळं हाताच्या टोकदार करवतीने करू. रागाच्या भरात हा मार्ग सुरक्षित वाटतो. पण त्या करवतीचं पातं वीतभर असतं आणि बोर्डमध्ये खुपसलं की ते पोकळीत किती आत गेलं हे बाहेरून दिसत नाही. सात मिलिमीटरच्या चुकीवर उपाय म्हणून वीतभर पातं आत घालणं मला पटेना. एक मात्र खरं की हाताला अडथळा जाणवतो आणि माणूस थांबतो. ३०,००० फेऱ्यांचं बिट तेवढी सवड देत नाही.

दुसरा पर्याय ऑसिलेटिंग मशीनचा. त्याचं पातं फिरत नाही, दोन-तीन अंशांत डावी-उजवीकडे थरथरतं. हाडाचं प्लास्टर काढायच्या मशीनची हीच युक्ती आहे आणि तिथे ते कातडीला सहसा इजा करत नाही, त्यामुळे हे मशीन निरुपद्रवी असल्याचा गैरसमज पसरलेला आहे. केबल ते मजेत कापतं. फायदा एवढाच की पात्यावर मार्करने रेघ मारून खोली डोळ्यांसमोर ठेवता येते आणि हिसका बसत नाही. तोटा असा की आधी बॉक्सची जागा बोर्डवर अचूक आखावी लागते, कारण बॉक्सला चाचपत फिरण्याची सोय त्यात नाही.

तिसरा पर्याय सगळ्यात जुना. बोर्ड जमिनीवर असतानाच माप घेऊन भोक पाडायचं आणि मग लावायचा. आसपास वायरच नाही, तर कापली जाण्याचा प्रश्नच मिटला. यात मापाची चूक झाली तर बोर्ड वाया जातो.

चौथा म्हणजे तेच मशीन साफ करून, योग्य बिट लावून पुढे चालवणं. भाऊंचा याला विरोध होता. त्यांचं वाक्य मला आवडलं: "मशीन नीट असलं तरी माझी वायर कुठे फुगलीय हे त्याला दिसत नाही."

काय केलं

जमिनीवरच्या बोर्डांतली नऊ भोकं जमिनीवरच पाडायची हे लगेच ठरलं. टांगलेल्या सहांसाठी वाद झाला. शेवटी मशीनच वापरायचं ठरलं, पण वायरी मेल्याची खात्री झाल्यावरच.

ही खात्री बोर्ड लागल्यावर करता येत नाही, कारण बॉक्स बोर्डच्या मागे झाकला जातो. बिनस्पर्शाच्या टेस्टरने बाहेरून पाहू म्हटलं तर पत्र्याचा बॉक्स आणि धातूची पाइप आड येतात आणि टेस्टर गप्प राहतो. गप्प टेस्टर म्हणजे मेलेली वायर, हे समीकरण इथे चालत नाही. बोर्ड वरच्या स्क्रूंवर टांगलेले होते ते इथे उपयोगी पडलं. दोघांनी खालची बाजू हातभर उचलून धरली आणि भाऊंनी आत हात घालून प्रत्येक बॉक्समधल्या वायरींची टोकं दोन काट्यांच्या टेस्टरने तपासली. आधी टेस्टर चालू सॉकेटवर लावून तो जिवंत असल्याचं पाहिलं, मग बॉक्समध्ये, मग पुन्हा त्या सॉकेटवर. दोन्ही लाइनींच्या एमसीबींना कुलूप घातलं आणि किल्ली भाऊंच्या खिशात गेली. त्याच फेरीत त्यांनी फुगलेल्या पाइपा मागे ढकलून क्लिप केल्या आणि बॉक्समधल्या वायरी गुंडाळून तळाशी दाबल्या.

मशीनची साफसफाई मी स्वतः केली. प्लग काढून, कोलेट आणि नट सुटं करून, नायलॉनच्या ब्रशने आणि कोरड्या फडक्याने. दादा तेलाचा डबा घेऊन आले होते, त्यांना थांबवलं. कोलेटला तेल लावलं की पूड त्यातच चिकटते आणि पकडही सैल होते. हवा मारताना गॉगल लावून, मशीन उघड्यावर नेऊन, नोजल लांब धरून कमी दाबाने मारली. जवळून जोरात मारलेली हवा पूड बाहेर काढण्याऐवजी बेअरिंगमध्ये ढकलते. जाळ्यांमधून एवढी पांढरी धूळ निघाली की मशीन तापायचं कारणही तिथेच कळलं. कार्बन ब्रश (मोटरला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे) खुणेपर्यंत झिजलेले होते, दोन्ही बदलले आणि मशीन थोडा वेळ रिकामं चालवलं. सरकता स्विच पुडीने अडकत होता. 'बंद' केल्यावर तो अर्ध्यावर राहायचा, हे पोराला माहीत होतं, त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं.

३ मि.मी. दांड्याची सगळी बिटं पेटीतून काढून टाकली. नवीन बिट पूर्ण आत घालून दीड-दोन मिलिमीटर मागे ओढून आवळलं, आणि दांडा कोलेटमधून जिथे बाहेर येतो तिथे मार्करने काळी रेघ मारली. रेघ कोलेटपासून दूर गेलेली दिसली तर थांबायचं.

धुळीबद्दल थोडक्यात: गॉगल आणि एन-९५ मास्क आधीपासून होते, व्हॅक्यूम होता. जिप्सम स्वतः फारसं घातक नसलं तरी सांधे भरायच्या कंपाउंडमध्ये सिलिका असू शकते, म्हणून झाडू बंद ठेवला. भिंत नवी होती, त्यामुळे ॲस्बेस्टॉसचा प्रश्न नव्हता. जुन्या इमारतीत हेच काम असतं तर नमुना तपासल्याशिवाय मी मशीन लावू दिलं नसतं.

परिणाम

टांगलेल्या बोर्डांतली सहा भोकं दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. तपासणी आणि कुलुपांत तासभर गेला, कापण्यात पाच मिनिटं. मार्करची रेघ सहाव्या बॉक्सपर्यंत जागची हलली नाही.

जमिनीवरच्या नऊपैकी आठ बरोबर बसली. नववं दादांनी बोर्डच्या मागच्या बाजूने आखलं आणि ते उजवीचं डावीकडे गेलं. एक बोर्ड वाया. भाऊ हसले, दादा नाही.

एकोणिसाव्या बॉक्सची केबल जोडून न घेता पुरती बदलली. चरे पडलेले बॉक्स, सोळा ते अठरा, तेही बदलले, कारण दातेरी कडेवर वायरचं इन्सुलेशन घासलं असतं. पोरगा दुसऱ्या दिवशी कामावर आला. मशीन हातात घ्यायला आठवडा लागला.

निर्णयाच्या जागा

मागे वळून पाहताना मला सगळ्यात जास्त सलते ती चौदाव्या-पंधराव्या बॉक्सची वेळ. पोराने अचूक निदान केलं होतं. त्याचं उत्तर पाना नव्हतं, पट्टी होती. तिथे एकदा मोजलं असतं तर दोन-तीन मिलिमीटरचा फरक दिसला असता, कोलेट उघडलं गेलं असतं, आणि दांड्यावरच्या कड्याही. अनुभवी माणसाचा हात पान्याकडे जातो कारण शंभरातल्या नव्वद वेळा नटच ढिलं असतं. दादांना दोष देणं मला जमत नाही.

आवाज बदलला तेव्हा थांबायला हवं होतं, हे म्हणणं सोपं आहे. पण वर्षभर झालेल्या पोराला पत्र्याचा आवाज आणि बोथट बिटाचा आवाज वेगळा कळावा ही अपेक्षा जरा जास्तच आहे. त्याऐवजी आता दर पाच बॉक्सनंतर मशीन बंद करून, प्लग काढून बिट मोजायचं आणि नुकत्याच कापलेल्या बॉक्सच्या कडेवरून बोट फिरवायचं, एवढंच ठरवून दिलं आहे. खरखर लागली की काम थांबवायचं.

विजेच्या बाबतीत चूक एमसीबी बंद करण्यापाशी झाली नाही, त्याच्या आदल्या दिवशी झाली. वायरी ओढून झाल्यावर आणि बोर्ड चढण्याआधी, बॉक्स उघडे होते तेव्हा, वायरमन आणि फिटर दोघांनी मिळून एक फेरी मारली असती तर यूपीएसची लाइनही कळली असती आणि फुगलेली पाइपही दिसली असती. ती फेरी कुणाच्याच कामात मोडत नव्हती. आता ती माझ्या कामात आहे, आणि प्रत्येक बॉक्सच्या शेजारी स्टडवर खडूने लाइनींची संख्या लिहिल्याशिवाय बोर्ड उचलला जात नाही.

रोटरी मशीन ठेवावं की नाही यावर आमच्यात अजून एकमत नाही. माझं मत, ठेवावं. भाऊ म्हणतात, वायरी ओढून झालेल्या भिंतीवर ते आणूच नये, भोकं जमिनीवर पाडावीत. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, म्हणून सध्या नव्या कामांत शक्य तिथे जमिनीवरच पाडतो. फक्त बोर्डच्या पाठीवर आता मोठ्या अक्षरांत 'मागची बाजू' असं लिहिलेलं असतं. ते दादा लिहितात.